नल व मजकूर-स्तंभाची लांबी (एसक्यूएल)

एसक्यूएल या डेटाबेस हाताळण्याच्या भाषेत मजकुराच्या स्तंभाला बहुधा कमाल लांबी जाहीर केलेली असते. ‘नल’ ही त्या जागी मूल्यच नसल्याची खूण आहे. नलला स्वतःची लांबी नसते, मात्र ज्या स्तंभात तो बसतो त्याची लांबी ठरवावीच लागते. क्वेरी (माहितीची मागणी) चालवणारे इंजिन हा निर्णय एकही ओळ वाचण्यापूर्वी, क्वेरीच्या रचनेवरूनच घेते.

नलच्या उगमाविषयी एकमत नाही. रिलेशनल (तक्त्यांवर आधारित) डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या १९७० च्या मूळ निबंधात तो नाही. १९७५ च्या सुमाराच्या त्यांच्या एका टिपणात तो प्रथम आला असे सामान्यतः मानतात. त्रिमूल्य तर्कासह (खरे, खोटे व अज्ञात) सविस्तर मांडणी १९७९ च्या निबंधात आहे. मधल्या काळात आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेस प्रकल्पात नलची सोय झालेली होती. त्यामुळे सिद्धांत आधी की वापर आधी, हा प्रश्न उरतो. दोन्ही जवळपास बरोबरीने वाढले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आन्सी या अमेरिकी मानक संस्थेच्या अभ्यासगटाने १९७५ च्या अंतरिम अहवालात मूल्य नसण्याचे १४ प्रकार नोंदवले होते. कॉड यांनी पुढे १९९० मध्ये ‘लागू पण अज्ञात’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन खुणा सुचवल्या, तर रिलेशनल डेटाबेसचे अभ्यासक क्रिस डेट व ह्यू डार्वेन यांनी नल मुळातच नको अशी भूमिका घेतली. एसक्यूएलच्या मानकात एकच खूण राहिली. नलची नलशी तुलना केली तरी उत्तर ‘अज्ञात’ येते, ते त्रिमूल्य तर्कामुळे.

लांबीचे नियम वरवर सरळ आहेत. दोन स्तंभांतील मजकूर एकापुढे एक जोडला तर लांब्यांची बेरीज होते. युनियनमध्ये (दोन निकाल एकाखाली एक जोडताना) दोहोंतील मोठी लांबी घेतात. अडचण येते ती नुसता नल निवडून त्यावरून नवे टेबल तयार करताना. येथे डेटाबेस प्रणाली वेगवेगळ्या वागतात: ओरॅकल शून्य लांबीचा स्तंभ चालत नाही म्हणून त्रुटी देते, एसक्यूएल सर्व्हर तो स्तंभ पूर्णांकाचा मानते, तर पोस्टग्रेस त्याला ‘टेक्स्ट’ ठरवते. तीनही उत्तरे आपापल्या चौकटीत सुसंगत आहेत. तरी कास्ट (मूल्याचा प्रकार ठरवून देणारी सूचना) वापरून प्रकार व लांबी स्पष्ट लिहिणे सर्वांत निर्धोक. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘इजनल’ (नलच्या जागी पर्यायी मूल्य देणारे फंक्शन) पहिल्या घटकाचीच लांबी पाळते. स्तंभ एनव्हारचार(३), म्हणजे कमाल लांबी ३ असलेला मजकूर, असेल तर ‘माहीत नाही’ या पर्यायी मजकुरातून केवळ ‘माह’ उरते. त्याच कामाचे ‘कोॲलेस’ सर्व घटक पाहून लांबी ठरवते, म्हणून तेथे मजकूर कापला जात नाही.

रिकामा मजकूर आणि नल यांत मानक भेद करते: पहिल्याची लांबी शून्य, दुसऱ्याची लांबी नल. ओरॅकल मात्र रिकाम्या मजकुराला नलच समजते. ओरॅकलची पहिली विक्रीस आलेली आवृत्ती १९७९ ची आणि मानक १९८६ चे, हे त्याचे कारण सांगितले जाते. पुढील आवृत्त्यांत हे बदलू शकेल, असा इशारा ओरॅकलच्याच दस्तऐवजांत आहे. मजकुराला नल जोडल्यास मानकानुसार उत्तर नल येते. ओरॅकलमध्ये मूळ मजकूर तसाच राहतो. मानकाचा भेद येथे अधिक उपयुक्त आहे. ‘मधले नाव नाही’ आणि ‘मधले नाव कळलेले नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

लांबी कशात मोजायची, हा मराठीसाठी महत्त्वाचा भाग. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द दिसतो. युनिकोडमध्ये (जेथे काना, हलन्त यांनाही स्वतंत्र संकेत असतो) त्याचे १० संकेत आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३० बाइट होतात. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ ३० सांगते व ‘कॅर लेंग्थ’ १०. पोस्टग्रेसमध्ये ‘लेंग्थ’च १० सांगते. चार हे उत्तर यांपैकी कोणीही देत नाही. ओरॅकलमध्ये व्हारचार२(१०) ची मोजणी मुळात बाइटांत होते. यूटीएफ-८ असलेल्या डेटाबेसात त्यात देवनागरीचे तीनच संकेत मावतात. ‘१० कॅर’ असे लिहिल्यास मोजणी संकेतांची होते. एसक्यूएल सर्व्हरचे ‘लेन’ शेवटच्या रिकाम्या जागा मोजत नाही, ‘डेटालेंग्थ’ मोजते. एसक्यूलाइट जाहीर केलेली लांबी पाळतच नाही.

साठवणीत नल स्वस्त असतो. पोस्टग्रेसमध्ये नल असलेल्या ओळीच्या शीर्षकात प्रत्येक स्तंभामागे एक बिट ठेवतात. जाहीर लांबीचा परिणाम मात्र इतरत्र होतो: ओळी क्रमाने लावण्यासाठी (सॉर्ट) लागणाऱ्या स्मृतीचा अंदाज बांधताना एसक्यूएल सर्व्हर व्हारचार स्तंभ सरासरी निम्मा भरलेला धरते, मग त्यातील बहुतेक मूल्ये नल का असेनात.