तारेचा दर आणि बँकेचे शुल्क: परदेशी पैसे पाठवण्याच्या खर्चाची पार्श्वभूमी

परदेशी विद्यापीठाची फी बँकेमार्फत भरणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. बँकेने हजार रुपये शुल्क घेतले, दहा हजार डॉलर पाठवल्याची पावती दिली आणि तरीही विद्यापीठाच्या खात्यात वीस-पंचवीस डॉलर कमी जमा झाले. तक्रार रास्त असली तरी ही तूट एकूण खर्चाचा लहानसाच भाग असते, कारण मोठा भाग पावतीवर शुल्क म्हणून नोंदलेलाच नसतो. असे का होते, हे कळण्यासाठी ‘शुल्क’ आणि ‘दर’ या दोन शब्दांची फारकत कशी झाली, ते पाहावे लागते.

जुन्या मराठी व्यवहारात ही फारकत नव्हती. एका गावच्या पेढीवर भरलेली रोकड दुसऱ्या गावी मिळवण्यासाठी हुंडी करावी लागे आणि त्याबद्दल सावकार जो बट्टा घेई, त्याला हुंडणावळ म्हणत. वाटेची जोखीम, मुदतीचे व्याज, दोन्हीकडच्या नाण्यांतील फरक आणि सावकाराचा नफा हे सारे त्या एका शब्दात मावत असे. पुढे हाच शब्द परकीय चलनाच्या दरालाही लागला. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असावा की एक शिलिंग सहा पेन्स, यावर १९२६च्या सुमारास रण माजले, तेव्हा मराठीत तो हुंडणावळीचाच प्रश्न होता. १९२७च्या कायद्याने एक शिलिंग सहा पेन्सांचा दर कायम झाला. लंडनला दरसाल मोठी रक्कम पाठवणाऱ्या सरकारला तो सोयीचा होता, मुंबईच्या गिरणीमालकांना मात्र तो जाचक वाटत होता.

दरम्यान तार आली होती. १८७०मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि टपालाने जाणाऱ्या हुंडीशेजारी तारेने पाठवण्याच्या रकमेचा निराळा भाव निघू लागला. तारेचा व्यवहार तत्काळ पुरा होत असल्याने बँकेला टपालाच्या दिवसांचे व्याज मिळत नसे, म्हणून तो भाव ग्राहकाला महाग पडे. तार इतिहासजमा झाली, परंतु बँकांच्या विदेशी चलनाच्या दरपत्रकावर ‘टीटी सेलिंग’ (बँक परकीय चलन विकते तो दर) आणि ‘टीटी बाइंग’ (विकत घेते तो दर) हे रकाने अजून तसेच आहेत. त्यातील पहिला ‘टी’ टेलिग्राफिकचा, हे काउंटरपलीकडच्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. ‘वायर ट्रान्सफर’मधील वायर म्हणजेही तीच तार.

देशांतर्गत रकमांची वाट वेगळी गेली. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरवर दर वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे पाच टक्के कमिशन पडत असे. ते उघड होते आणि पाठवणाऱ्याला आधीच माहीत असे. २००४मध्ये आरटीजीएस आणि २००५मध्ये एनईएफटी सुरू झाल्यावर हा खर्च टक्क्यांतून निघून ठरावीक रुपयांत आला. एनईएफटीसाठी रकमेनुसार अडीच ते पंचवीस रुपये आणि वर कर, अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०१९पासून मध्यवर्ती बँकेने या दोन्ही प्रणालींसाठी बँकांकडून घेतले जाणारे आपले आकार सोडून दिले, तर जानेवारी २०२०पासून बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीवर बँकांनीही काही घेऊ नये, असे ठरले. शाखेत जाऊन चिठ्ठी भरणाऱ्याला मात्र शुल्क द्यावे लागतेच. २०१६मध्ये आलेल्या यूपीआयने फुकट व्यवहाराची सवय पक्की केली. त्यामुळे देशात शून्य रुपयांत पैसे पाठवणारा ग्राहक परदेशी रक्कम पाठवताना शुल्काचा रकाना तेवढा पाहतो, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

सीमेपलीकडची व्यवस्था आजही बऱ्याच अंशी १९७०च्या दशकातील आहे. १९७३मध्ये पंधरा देशांतील २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये संदेशवहनाची ‘स्विफ्ट’ ही सहकारी संस्था उभी केली, १९७७पासून तिचे संदेश वाहू लागले आणि १९९१मध्ये भारतीय बँका त्यात आल्या. ‘स्विफ्टने पैसे गेले’ असे आपण म्हणतो, पण या जाळ्यातून प्रवास होतो तो फक्त संदेशाचा. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांत. ज्या दोन बँकांची एकमेकींकडे अशी खाती नसतात, त्यांच्यामध्ये एक वा दोन मध्यस्थ बँका येतात आणि त्या आपली मजुरी कापतात.

ती मजुरी कोणी सोसायची, हे रक्कम पाठवण्याच्या अर्जावरील एका लहानशा चौकटीत ठरते. ‘अवर’ म्हणजे सर्व खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे सर्व खर्च घेणाऱ्याचा आणि ‘शा’ म्हणजे दोघांत वाटून. ‘वाटून’ हा शब्द फसवा आहे. त्यात अर्धे-अर्धे असे काही नसते. आपल्या बँकेचा खर्च आपण द्यायचा आणि तिच्यापुढे जो कोणी जे काही कापील, ते मूळ रकमेतून जायचे, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहकाने चौकट कोरी ठेवली, की बहुधा ‘शा’ गृहीत धरले जाते आणि फी अपुरी भरल्याचे पत्र येते. ‘अवर’ निवडल्यास काही शे ते हजार-दीड हजार रुपये जास्त पडतात, परंतु फीसारख्या नेमक्या रकमेसाठी तोच पर्याय योग्य आहे.

आता दराकडे वळू. समजा, बँकांच्या आपसातील व्यवहारात डॉलर ८५ रुपयांना आहे आणि दरपत्रकावर टीटी सेलिंग ८७ आहे. दहा हजार डॉलरवर हा फरक वीस हजार रुपयांचा झाला. शुल्क हजार रुपये, त्यावर १८० रुपये जीएसटी, शिवाय चलन बदलण्याच्या सेवेवरील जीएसटी या रकमेला ८७३ रुपये. म्हणजे पावतीवर स्वतंत्र दिसणारा खर्च दोन हजारांच्या आसपास आणि न दिसणारा त्याच्या दसपट. हा फरक शुल्क नसून व्यापारातील नफा आहे, बँक चलन बाळगण्याची जोखीम घेते आणि कोणताही दुकानदार आपली खरेदीची किंमत सांगत नाही, असा बँकांचा युक्तिवाद असतो. जोखमीचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण त्याच शाखेत व्यवस्थापकाशी बोलल्यावर दर रुपया-दीड रुपयाने खाली येतो, तेव्हा तो जोखमीने ठरलेला नव्हता, हे उघड होते. अमेरिकेत २०१३पासून शुल्क, दर आणि पलीकडे मिळणारी रक्कम व्यवहारापूर्वी सांगण्याचा नियम लागू आहे. हुंडणावळ सांगणारा सावकार भलेही चढा भाव लावत असेल, पण त्याचा आकडा एकच असे.

या हिशेबात टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँकेने सरकारसाठी गोळा केलेला आगाऊ कर, मिसळू नये. ऑक्टोबर २०२०पासून तो परदेशी पाठवण्याच्या मोठ्या रकमांवर गोळा होतो, २०२३मध्ये काही कारणांसाठी त्याचा दर वीस टक्क्यांवर गेला आणि एप्रिल २०२५पासून वार्षिक मर्यादा सात लाखांवरून दहा लाखांवर आली. त्यावर बराच गहजब झाला, पण ही रक्कम प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती होते. पैसे काही महिने अडकतात, बुडत नाहीत.

स्वस्त पर्यायांचा बोलबाला २०१०नंतर झाला. दोन्ही देशांत स्थानिक खाती ठेवायची, इकडचे पैसे इकडे घ्यायचे, तिकडचे तिकडे द्यायचे आणि उरलेली बाकी तेवढी अधूनमधून मिटवायची, ही त्या कंपन्यांची रीत. मध्यस्थ बँका त्यामुळे गळतात आणि दर बँकांच्या आपसातील दराच्या जवळ राहतो. दोन गावच्या पेढ्यांची हुंडीही याच तत्त्वावर चाले. आखातातून घरी येणाऱ्या पैशांसाठी तिकडच्या एक्स्चेंज हाऊसनी भारतीय बँकांत रुपयांची खाती ठेवण्याची सोय तर त्याहून जुनी आहे आणि तो मार्ग अजूनही पुष्कळदा स्वस्त पडतो. शुल्क शून्य असल्याची जाहिरात दिसली, तरी हातात किती रुपये पडणार, एवढेच विचारावे.

फेब्रुवारी २०२३मध्ये यूपीआय सिंगापूरच्या तशाच प्रणालीला जोडली गेली आणि मोबाइल क्रमांकावरून तेथील नातेवाइकांशी पैशांची देवघेव करता येऊ लागली. तेथे दिवसाची मर्यादा सुरुवातीला साठ हजार रुपये, म्हणजे सुमारे हजार सिंगापूर डॉलर, ठेवलेली होती. घरखर्चाला ती पुरते. विद्यापीठाच्या फीला पुरत नाही, म्हणून त्या पालकाला पुन्हा बँकेचा अर्ज भरावा लागतो आणि त्यातील ‘अवर’, ‘बेन’ आणि ‘शा’ या तीन पर्यायांपैकी एकावर खूण करावी लागते.