'द क्रुसिबल'मागचं खरं सेलम: कबूल केलं तर जीव वाचायचा, नाही म्हटलं तर फाशी

अमेरिकन नाटककार आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' हे नाटक पाहिलं की बऱ्याच जणांना पडणारा प्रश्न म्हणजे हा जॉन प्रॉक्टर एवढा अडून का बसलाय, करून टाक की एक सही, बायको पोटुशी आहे, पोरं आहेत, जीव तरी वाचेल. तो सही करतोही, आणि मग तोच कागद फाडून फासावर जातो, का तर ते माझं नाव आहे म्हणून. जरा नाटकी वाटतं, पण १६९२ साली अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकाच्या खटल्यांचं कोर्ट नेमकं कसं चालत होतं ते कळलं की प्रॉक्टरचा हट्ट वेगळाच दिसायला लागतो.

तेव्हा मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती, प्युरिटन म्हणजे कडक धर्माचरणाच्या प्रोटेस्टंट ख्रिश्चन लोकांची. बंदराचं सेलम टाऊन वेगळं आणि जिथे प्रकरण पेटलं ते सेलम व्हिलेज वेगळं, आज त्याला डॅनव्हर्स म्हणतात. गावात आधीच दोन तट होते, जमिनीच्या हद्दीवरून भांडणं, पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या पगारावरून आणि जळणाच्या लाकडावरून भांडणं. १६९२च्या जानेवारीत त्याच पॅरिसची ९ वर्षांची मुलगी बेटी आणि ११ वर्षांची भाची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके यायला लागले, किंचाळणं, अंग पिळवटणं वगैरे, आणि डॉक्टरने निदान केलं की हे चेटूक आहे. २९ फेब्रुवारीला तिघींवर वॉरंट निघालं. टिट्युबा, पॅरिसच्या घरातली गुलाम. सेरा गुड, दारोदार भीक मागणारी. सेरा ऑसबोर्न, आजारी आणि बरेच दिवस चर्चला न गेलेली. म्हणजे ज्यांच्या बाजूने गावात कुणी उभं राहणार नाही अशा तिघी. टिट्युबाने आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं आणि वर सांगितलं की सैतानाच्या वहीत सह्या म्हणून केलेल्या नऊ खुणा पाहिल्या. झालं, मग उरलेल्यांचा शोध सुरू!

मे महिन्यात गव्हर्नर विल्यम फिप्सने खास कोर्ट नेमलं, मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. या कोर्टाची सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे स्पेक्ट्रल एव्हिडन्स, म्हणजे आरोपी घरात झोपलेला असला तरी त्याची छाया रात्री माझ्या खोलीत येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, ही साक्ष ग्राह्य धरायचे. मी तिथे नव्हतोच हे सांगून काही उपयोग नाही, कारण तुम्ही तिथे होता असं कुणी म्हणतच नाहीये. जोडीला शेजाऱ्यांची जुनी उणीदुणी होतीच, अमकीशी भांडण झालं आणि माझी गाय मेली, तमकी पुटपुटत गेली आणि पोर आजारी पडलं. (गायीचा उल्लेख वाचून दचकायला झालं, कारण २०१३च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही कुणी मंत्रतंत्राने गुराढोरांचं दूध आटवतं असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं हा प्रकार आहे. सातपुड्यात एखादीला डाकीण ठरवतात ते असंच.)

आता मुख्य मुद्दा. एरवी गुन्हा कबूल करणाऱ्याला शिक्षा होते, इथे उलटं होतं. त्या वर्षी सुमारे पन्नास लोकांनी आपण चेटूक केल्याचं कबूल केलं आणि कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही, कारण ते पुढच्या खटल्यांत साक्षीला लागत होते. सॅम्युअल वॉर्डवेल नावाच्या सुताराने आधी कबूल केलं, मग शब्द मागे घेतला, तर २२ सप्टेंबरला त्याला लटकवलं. एकोणीस जण फासावर गेले, निदान पाच तुरुंगात मेले, आणि ऐंशी पार केलेल्या जाइल्स कोरीने आरोपाला उत्तरच दिलं नाही म्हणून छातीवर दगड ठेवत ठेवत त्याला मारलं. याच म्हाताऱ्याने मार्चमध्ये बायको मार्थाविरुद्ध जबाब दिला होता की ती रात्री चुलीपाशी गुडघे टेकून बसते पण प्रार्थनेचा शब्द काही ऐकू येत नाही. तो मेला आणि तीन दिवसांनी मार्था फासावर गेली.

रिबेका नर्स ७१ वर्षांची, गावात मान असलेली बाई, तिच्या चांगल्या वागणुकीची ग्वाही देणाऱ्या अर्जावर ३९ जणांनी सह्या केल्या, तेही वातावरण असं असताना. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं तर आरोप करणाऱ्या मुली कोर्टात किंचाळायला लागल्या आणि स्टॉटनने ज्युरीला पुन्हा विचार करायला लावलं. कोर्टात साक्षीला आणलेल्या एका कैदी बाईबद्दल रिबेका म्हणाली होती की ही तर आमच्यातलीच, तिला म्हणायचं होतं आमच्यासारखीच कैदी, ऐकणाऱ्यांना वाटलं आमच्यासारखीच चेटकीण, पण ज्युरीने त्याचा खुलासा विचारला तेव्हा तिला ऐकूच आलं नाही, कानाने अधू होती, आणि तेवढ्यावर निकाल फिरला. १९ जुलैला फाशी.

आणि मला वाटतं नाटकात यायला हवी होती अशी मार्गारेट जेकब्स. तरुण मुलगी, कबूल कर नाहीतर फाशी असं धमकावल्यावर तिने कबूल केलं आणि स्वतःच्या आजोबांचं व पाद्री जॉर्ज बरोजचं नाव घेतलं. नंतर मन खायला लागलं म्हणून तिने सगळं खोटं होतं असं लिहून दिलं, म्हणजे स्वतःहून मरण ओढवून घेतलं. आजोबा आणि बरोज १९ ऑगस्टला फासावर गेलेच, बरोजने तर फासाखाली उभं राहून न अडखळता प्रभूची प्रार्थना म्हटली, जी चेटक्याला म्हणता येत नाही अशी समजूत होती, तरी गेलाच. मार्गारेट आजारपणामुळे खटला लांबला म्हणून वाचली.

खरा प्रॉक्टरही त्याच १९ ऑगस्टला गेला. तो साठीचा, खानावळ चालवणारा, तोंडाने फटकळ, आमच्या मोलकरणीतला सैतान मी बडवून काढतो म्हणणारा. अ‍ॅबिगेलशी त्याचं लफडं ही मिलरची भर, त्यासाठी त्याने तिला १७ वर्षांची केलं आणि प्रॉक्टरला पस्तिशीत आणलं. नाटक म्हणून जमलंय, पण त्यामुळे सगळा दोष एका चिडलेल्या पोरीवर जातो आणि जमिनीची भांडणं, कोर्टाचा पुरावा, शेरीफची जप्ती हे मागे पडतं, ही माझी तक्रार आहेच. शेरीफने प्रॉक्टरच्या घरी जप्ती आणली तेव्हा पिंप हवं म्हणून बिअर ओतून दिली आणि भांडं हवं म्हणून त्यातलं सूप, पोरांना खायला काही ठेवलं नाही, असं १७०० साली छापलेल्या एका वृत्तांतात आहे. प्रॉक्टरने तुरुंगातून बोस्टनच्या पाद्र्यांना पत्र लिहिलं की माझ्या मुलाला कबुलीसाठी नाकातून रक्त येईपर्यंत बांधून ठेवलं. उपयोग शून्य.

मिलर हे सगळं शोधायला १९५२ साली सेलमला गेला त्याचं कारण वॉशिंग्टनमध्ये होतं. हाउस अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज कमिटी, म्हणजे कम्युनिस्ट हुडकणारी अमेरिकन संसदेची समिती, लोकांना बोलवून विचारायची, तुम्ही कम्युनिस्ट होता का, आणि लगेच, बरोबर अजून कोण होतं. नावं बहुतेकदा कमिटीकडे आधीच असायची! हवं होतं ते तुमच्या तोंडून. मिलरचा जवळचा दिग्दर्शक एलिया कझान याने एप्रिल १९५२ मध्ये जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली आणि त्याचं काम चालू राहिलं, न देणारे काळ्या यादीत, म्हणजे त्यांना काम बंद. सेलमच्या कागदांत मिलरला तोच व्यवहार दिसला. चेटकिणी नसतातच पण कम्युनिस्ट तर होते, हा आक्षेप नाटकावर तेव्हापासून घेतला जातो आणि तो चूक नाही, पण कबुलीच्या बदल्यात मित्राचं नाव मागायची पद्धत दोन्हीकडे सारखीच होती.

नाटक २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कात आलं. १९५४ मध्ये ब्रसेल्सच्या प्रयोगाला जायला मिलरला पासपोर्ट मिळाला नाही आणि १९५६ च्या जूनमध्ये तोच कमिटीसमोर बसला. स्वतःबद्दल बोलला, पण दुसऱ्याचं नाव घेऊन त्याला अडचणीत आणणार नाही म्हणाला. १९५७ मध्ये दोषी ठरला, ५०० डॉलर दंड, १९५८ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला.

सेलमचं कोर्ट फिप्सने १६९२च्या ऑक्टोबरमध्येच बंद केलं होतं. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युअल स्यूअलने भर चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली, स्टॉटनने कधीच नाही. १७११ मध्ये बऱ्याच जणांवरचा कलंक पुसला, नुकसानभरपाई वाटली, आणि त्यातले ३० पौंड मिळाले विल्यम गुडला, ज्याने चौकशीत आपलीच बायको सेरा चेटकीण असेल किंवा लवकरच होईल अशी शंका बोलून दाखवली होती. काही नावं मात्र राहिली. एलिझाबेथ जॉन्सन नावाची २२ वर्षांची मुलगी दोषी ठरूनही फाशीतून सुटली होती, पण मूलबाळ नसल्याने तिच्यासाठी अर्ज करायला कुणी नव्हतं, शेवटी तिथल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी पाठपुरावा केला तेव्हा २०२२ मध्ये राज्याने तिला निर्दोष ठरवलं.