ट्रॅक्टरला पेलेल तोच हॅरो घ्या

जड डिस्क हॅरो, म्हणजे गोल लोखंडी तव्यांनी माती कापणारं अवजार, विकत घेण्याआधी वाचावे. स्वतःच्या शेतासाठी घेणाऱ्यांना आणि भाड्याने मशागत करणाऱ्या ट्रॅक्टरमालकांना, दोघांनाही उपयोगी.

राम राम मंडळी,

आमच्या वर्कशॉपमध्ये हॅरो बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, किती तव्यांचा चालेल?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या एचपीवरून त्याचं उत्तर देता येत नाही. पूर्वी आम्ही द्यायचो. एकदा गोदाकाठच्या एका शेतकऱ्याला ४५ एचपीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमागे १४ तव्यांचा ओढायचा हॅरो दिला. वजन ८०० किलो. कागदावर एचपी पुरत होती. उसाचा खोडवा मोडायचा होता, रान काळंभोर. हॅरो जमिनीत बसला आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी माती उकरायला लागली. इंजिन दबत नव्हतं, काळा धूर नव्हता. ताकद होती, पण चाकांना जमीन धरता येत नव्हती. चूक आमची होती. आम्ही हॅरो बदलून दिला, आणि तेव्हापासून एचपीच्या आधी ट्रॅक्टरचं वजन विचारतो. हे पत्रक त्याच अनुभवातून लिहिलं आहे.

हॅरोला ओढ किती लागते

हॅरोला रोटाव्हेटरसारखा पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता शाफ्ट, लागत नाही. तो निव्वळ ओढीवर चालतो. रोटाव्हेटर इंजिनची ताकद थेट शाफ्टमधून घेतो, हॅरोला मात्र तीच ताकद टायर आणि माती यांच्यामधून घ्यावी लागते. वाटेत गिअरमध्ये थोडी जाते, चाकं घसरण्यात आणि मऊ मातीत रुतण्यात बरीच जाते. भुसभुशीत रानात इंजिनच्या एचपीपैकी निम्म्याच्या आसपासच मागच्या हुकापर्यंत पोचते, असं धरून चालावं.

जड हॅरोला किती ओढ लागेल याचा एक सोपा आडाखा आहे. काळ्या चिकण जमिनीत हॅरोच्या वजनाच्या साधारण दीडपट, मध्यम पोयट्याच्या जमिनीत सव्वापटीच्या जवळपास, आणि हलक्या रेताड रानात पाऊणपटीहून थोडी जास्त. म्हणजे तोच ८०० किलोचा हॅरो काळ्या रानात १,२०० किलोची ओढ मागतो, तर हलक्या रानात ६४० किलोची. शेजारच्या गावात ज्या ट्रॅक्टरला जो हॅरो हलका जातो, तोच तुमच्या रानात तुमच्या ट्रॅक्टरला का झेपत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं.

आता एचपी काढू. ओढीचे किलो गुणिले ताशी वेग, भागिले २७०. १,२०० किलोची ओढ आणि ताशी ५ किलोमीटरचा वेग धरला तर हुकावर २२ एचपी लागते. इंजिनच्या निम्मी हुकाला मिळते म्हटलं, तर ४५ एचपीचं इंजिन पुरतं. आमचा हिशेब नेमका इथेच थांबला होता.

आणि ट्रॅक्टर ओढू किती शकतो

४५ एचपीच्या साध्या ट्रॅक्टरचं वजन २,००० किलोच्या आसपास असतं. त्यातलं साधारण साठ टक्के, म्हणजे १,२०० किलो मागच्या चाकांवर. काम चालू असताना ओढीमुळे पुढचा भार थोडा मागे सरकतो, ड्रायव्हरचं वजनही असतं, म्हणून १,५०० धरू. रानात चाक जास्त न घसरता आपल्यावरच्या भाराच्या ४५ टक्क्यांच्या आसपास ओढू शकतं. म्हणजे ६७५ किलो. हॅरो मागतोय १,२००. गिअर कितीही खालचा टाका, ही तूट भरून निघत नाही.

उलट बाजूने मोजा: ६७५ किलो ओढ भागिले दीड, म्हणजे ४५० किलो. काळ्या रानात या ट्रॅक्टरला एवढ्याच वजनाचा हॅरो शोभतो. हलक्या रानात हाच ट्रॅक्टर आठशे किलोंपर्यंतचा हॅरो ओढेल.

फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चित्र बदलतं, कारण चारही चाकं ओढतात आणि ट्रॅक्टरचं सगळं वजन कामाला येतं. २,५०० किलोचा ५५ एचपी फोर-व्हील ट्रॅक्टर ११०० किलोंच्या वर ओढतो, म्हणजे काळ्या रानात साडेसातशे किलोचा हॅरो त्याला आरामात जातो. तेवढ्याच एचपीचा टू-व्हील ट्रॅक्टर मात्र पाचशे किलोंच्या पुढे दमतो. म्हणून ज्यांना खरोखरच जड हॅरो हवा आहे, खोडवा आणि पऱ्हाटीची मुळं एकाच पाळीत तोडायची आहेत, त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो: काळी जमीन असेल तर ५० एचपीच्या आतल्या टू-व्हील ट्रॅक्टरसाठी हे अवजार नाही. मध्यम हॅरो घ्या आणि उभी-आडवी दोन पाळ्या द्या. जड काम वर्षातून एकदाच येत असेल तर तेवढ्यापुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने लावणं स्वस्त पडतं. विक्री हातची गेली तरी आम्ही हेच सांगणार.

तुमच्या ट्रॅक्टरचं खरं वजन कंपनीच्या पुस्तिकेत असतं. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात ट्रॅक्टरचं वजन आणि त्याची ओढ दोन्ही दिलेलं असतं. तिथली ओढ सिमेंटच्या पट्ट्यावर मोजलेली असते, हे मात्र लक्षात ठेवा. रानात ती तेवढी मिळणार नाही.

तवे मोजू नका, एका तव्यावरचं वजन मोजा

१४ तव्यांचा हॅरो १२ तव्यांच्या हॅरोपेक्षा चांगला, असा एक समज आहे. तवा जमिनीत शिरतो तो त्याच्यावर पडणाऱ्या वजनाने. ५०० किलोच्या हॅरोला १६ तवे लावले तर एकेका तव्यावर जेमतेम ३१ किलो येतात आणि कडक रानात तो वरवर खरवडत जातो. त्याच वजनाला १२ तवे असतील तर ४१ किलोंच्या वर येतात आणि तवा धरतो. म्हणून ट्रॅक्टर लहान असेल तर तवे कमी करा, त्यांचा आकार लहान करू नका. हॅरोवर दगड किंवा मातीची पोती टाकून खोली वाढवण्याचा उपाय बरेच जण करतात. त्याने ओढही वाढते, आणि वर सांगितलेला हिशेब पोत्यांनाही लागू होतो.

रुंदीला एक मर्यादा आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांचे माग हॅरोने झाकले पाहिजेत, नाहीतर चाकाखाली दबलेली पट्टी तशीच राहते. २४ इंची तव्यांचा, तव्यांमध्ये ९ इंच अंतर असलेला ऑफसेट हॅरो (तव्यांच्या दोन रांगा एकामागे एक, उलट्या कोनात) १२ तव्यांना साधारण १.६ मीटर, १४ तव्यांना १.८ मीटर आणि १६ तव्यांना २ मीटर रान घेतो.

चुन्याची खूण

जोडी जमली की नाही, हे तपासायला कुठलंही मशीन लागत नाही. मागच्या टायरच्या कडेला चुन्याने ठळक खूण करा. हॅरो वर उचलून ट्रॅक्टर रानातून चालवा, टायरचे दहा फेरे मोजा आणि सुरुवातीला व शेवटी एकेक खुंटी ठोका. मग त्याच गिअरमध्ये, हॅरो नेहमीच्या खोलीवर ठेवून, शेजारच्या पट्ट्यात तेवढंच अंतर चाला. एका माणसाने टायरच्या बाजूने चालत फेरे मोजायचे. दहाचे साडेअकरा झाले तर घसर १३ टक्के आहे, ठीक आहे. साडेबाराच्या वर गेले तर पाचातला एक फेरा वाया जातोय. डिझेल जातं, टायर झिजतो, आणि चाकाखालची माती चिकट लाद्यांसारखी घट्ट होते ती वेगळीच. घसर अगदीच नसेल, दहाचे दहाच राहिले, तर ट्रॅक्टर कामाच्या मानाने फार मोठा किंवा फार जड आहे.

फेरे मोजायला माणूस नसेल तर चाकाचा माग बघा. टायरच्या गट्ट्यांचे ठसे कडेला स्वच्छ आणि मध्ये थोडे पुसलेले असतील तर जोडी बरोबर आहे. ठसाच दिसत नसेल, नुसती घासलेली पट्टी असेल, तर हॅरोची ओढ जास्त आहे.

मात्र ही परीक्षा वाफशावर, म्हणजे मशागतीला योग्य ओल असताना करा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा, गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच पडला तर दोन-तीन दिवस थांबा. ओल्या काळ्या रानात कुठलाच ट्रॅक्टर आणि कुठलाच हॅरो चांगलं काम करत नाही, आणि दबलेली जमीन पुढे पिकाला भोवते.

घसर थोडीच जास्त असेल तर आधी गँगचा, म्हणजे एका गजावर ओवलेल्या तव्यांच्या रांगेचा, कोन कमी करून बघा. तवे सरळ होतील तशी ओढ आणि खोली दोन्ही कमी होतात. मग मागच्या टायरमध्ये पाणी भरा: व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून, व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येईपर्यंत. टायर साधारण पाऊण भरतो. १३.६-२८ च्या टायरला प्रत्येकी दीडशे लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे किलोंच्या वर वजन वाढतं. लोखंडी चाकवजनंही चालतात. हॅरोचं काम झालं की हे वजन उतरवा. ट्रॉली ओढताना आणि पेरणीला ते नुसतं ओझं आहे.

उचलायचा की ओढायचा

ट्रॅक्टरच्या लिफ्टवर बसणारा हॅरो वळायला सोपा, बांधालगत आणि लहान तुकड्यात चांगला. पण लिफ्ट १,५०० किलोची आहे म्हणून ६०० किलोचा हॅरो बिनधास्त बसवावा, असं नाही. हॅरोचं वजन लिफ्टच्या टोकाला नसतं, त्याच्या मीटरभर मागे असतं. तो उचलला की तरफेसारखा पुढच्या चाकांवरचा भार काढून घेतो. २,१०० किलोच्या ट्रॅक्टरवर ६०० किलोचा हॅरो उचलला तर पुढे सव्वादोनशे-अडीचशे किलोच उरतात. सुकाणू सांभाळायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान पाचव्या हिश्शाएवढा भार पुढे हवा, म्हणजे चारशेच्या वर. बांध चढताना पुढची चाकं उचलली गेली तर काय होतं, ते कुणीही बघू नये. म्हणून पाचशे किलोंच्या पुढचा हॅरो आम्ही शक्यतो चाकांचा, ओढायचाच देतो, आणि उचलायचा घेतलाच तर पुढच्या बंपरवर वजनं लावल्याशिवाय ट्रॅक्टर आमच्या दारातून बाहेर जाऊ देत नाही.

नवा हॅरो नेल्यावर

पहिल्या दोन तासांनी काम थांबवा आणि गँगच्या गजाचे दोन्ही नट पुन्हा आवळा. नवे तवे आणि त्यांच्यात अंतर राखणारे मधले स्पूल एकमेकांवर बसतात तसा नट सैल होतो. सैल नटावर काम चाललं तर तव्याचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग तवा गजावर नुसता फिरतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या हॅरोंमध्ये हेच दुखणं सगळ्यात जास्त. बेअरिंगला रोज ग्रीस द्या, आणि तवे जमिनीत असताना ट्रॅक्टर झटक्यात वळवू नका.

हॅरो बघायला याल तेव्हा ट्रॅक्टरची पुस्तिका, मागच्या टायरवरच्या नंबराचा फोटो आणि तुमच्या रानातलं एक मोठं ढेकूळ पिशवीत घेऊन या. ढेकूळ वीतभर खोलीवरचं हवं. ते फोडून बघितल्याशिवाय आम्ही तव्यांचा आकडा सांगत नाही.