समुद्राखाली दिवा लावला की

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते आणि मागोमाग भिंतीवर पाल येते. हवाईतल्या कोना किनाऱ्यावर रात्री पाण्याखाली असंच घडतं, पण तिथे पालीच्या जागी असतो मांटा रे. आपल्या पाकटाच्या कुळातला हा मासा, पंखांचा पसारा ३-४ मीटर. १९७० च्या दशकात केआउहोऊ उपसागराकाठच्या एका हॉटेलचे दिवे पाण्यावर पडू लागले. उजेडाकडे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जमू लागले आणि ते खायला मांटा येऊ लागले. आता डायव्हर सुमारे १० मीटर खोल तळाशी दिवे वर तोंड करून ठेवतात आणि भोवती बसून राहतात.

व्हिडिओ काढणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. मांटाला बोलावणारं प्लवकच त्याच्या लेन्ससमोर येतं. घाटात दाट धुक्यात गाडीचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच पाण्यात होतं. लेन्सजवळच्या कणांवरून उजेड उलटा फिरतो आणि चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. म्हणून दिवे कॅमेऱ्याला चिकटवून ठेवत नाहीत. लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना नेतात आणि किंचित बाहेर वळवतात. झोताची फक्त कड माशाला लागते. लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी अंधारात राहतं.

फोटोचा फ्लॅश क्षणभर चमकतो आणि विझतो. व्हिडिओचा दिवा मात्र जळतच राहतो, त्यामुळे काही मिनिटांत त्यावर किडे आणि इवल्या कोळंब्या घोंघावू लागतात. चित्रण नसेल तेव्हा दिवा मंद करावा, नाहीतर लाल ठेवावा. बऱ्याच समुद्री जीवांना लाल रंग नीट दिसत नाही. कोनामध्ये तर मला आपला दिवा पूर्ण बंद ठेवणंच योग्य वाटतं. तळाचे दिवे मागून उजळत असताना काळी आकृती वरून सरकत जाते, आणि एरवी नकोसे वाटणारे कण त्या झोतात चमकतात.

रंगांच्या बाबतीत रात्र उदार आहे. दिवसा सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या ५-१० मीटरमध्येच बहुतेक शोषला जातो आणि सगळं निळसर दिसतं. रात्री उजेड हातभर अंतरावरून येतो, त्याला पाण्यातून फार प्रवास करावा लागत नाही. शिवाय सूर्याचा निळा उजेड त्यात मिसळत नाही, त्यामुळे व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवून घेणारं कॅमेऱ्याचं सेटिंग, दिव्याप्रमाणे एकदाच लावलं की पुरतं. दिवसा तपकिरी वाटलेला स्पंज लालबुंद निघतो.

मांटा तोंड उघडं ठेवून, गोल कोलांट्या मारत त्याच झोतातून पुन:पुन्हा जातो. त्याच्या कल्ल्यांमधली गाळणी चहाच्या गाळणीसारखी नाही. तिच्या फटींपेक्षा लहान कणही तिच्यातून निसटत नाहीत, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. कण गाळणीच्या पात्यांवर आदळून फटींपासून दूर उसळतात आणि घशाकडे जातात, पाणी तेवढं बाहेर पडतं. त्यामुळे गाळणी सहसा तुंबत नाही.

त्याला हात लावू नये. अंगावरचा चिकट थर त्याला संसर्गापासून जपतो. तळाशी स्थिर बसावं आणि कॅमेरा वर धरावा. कोलांटी घेताना पोट समोर येतं. पोटावरच्या काळ्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येक मांटाची वेगळी असते, आणि त्यावरूनच संशोधक एकेक मांटा वर्षानुवर्षं ओळखतात.