शित्झू की ल्हासा? आधी नाक बघा

ठाण्याच्या मावशीने तीन वर्षांपूर्वी शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. ४५ दिवसांचं, कापसाच्या गोळ्यासारखं. विकणारा म्हणाला, "एकदम गरीब जात आहे काकू, दिवसभर मांडीवर बसून राहील." नाव ठेवलं लाडू. आठव्या महिन्यात या लाडूने सिलिंडरवाल्याला जिन्यातच अडवलं. बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन पाच मिनिटं तसाच उभा. पुढे लसीकरणाच्या वेळी प्राण्यांच्या डॉक्टरांनी लाडूच्या नाकावरचे केस बाजूला केले, डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत अंगठा ठेवून पाहिला आणि म्हणाले, "हा शित्झू नाही हो. ल्हासा अप्सो आहे."

मावशीला हसण्यात अर्थ नाही. या दोघांनी भल्याभल्यांना चकवलंय. १९३३ मध्ये इंग्लंडात चेल्टनहॅमच्या प्रदर्शनात तिबेटहून आलेली आणि चीनहून आलेली कुत्री एकाच 'अप्सो' नावाखाली उभी केली, आणि शेजारी शेजारी पाहिल्यावर जाणकारांच्या लक्षात आलं की ही एक जात नव्हेच. तिथून पुढे चीनकडच्या कुत्र्यांना शित्झू हे वेगळं नाव मिळालं. तरीही अमेरिकेत नंतर काही शित्झूंची नोंद ल्हासा म्हणून झालीच. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबने ल्हासाला १९३५ मध्ये मान्यता दिली, शित्झूला थेट १९६९ मध्ये. तेव्हा घोळ जुना आहे.

घोळ होतो कारण मूळ एकच. ल्हासा तिबेटचा. मठात आणि मोठ्या घरांत दाराबाहेर मास्टिफसारखं दांडगं कुत्रं बांधलेलं असे आणि आत हा बुटका पहारेकरी मोकळा फिरे. चोराला फाडणं हे त्याचं काम नव्हतं. बाहेरच्याच्या आधी चाहूल घेऊन भुंकणं, हे काम. ही कुत्री विकत मिळत नसत, भेट म्हणून दिली जात. सिक्कीममध्ये ब्रिटिशांचे अधिकारी असलेले बेली आणि त्यांच्या पत्नीने आपले अप्सो १९२८ मध्ये इंग्लंडला नेले. १९३३ मध्ये तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला जोडी दिली, तिथून अमेरिकेतला वंश सुरू झाला.

अशाच भेटी तिबेटमधून बीजिंगच्या दरबारातही जात. चीनमध्ये सिंह नाहीत, पण बौद्ध धर्मात सिंहाला मोठा मान, मंजुश्री या बोधिसत्त्वाचं वाहनच सिंह. त्यामुळे आयाळ असल्यासारखं दिसणारं कुत्रं दरबारात लाडकं झालं. शित्झू या शब्दाचा अर्थच सिंह. राजवाड्यात चपट्या नाकाचे पेकिंगीज जातीचे कुत्रे आधीपासून होते, त्यांच्याशी संकर झाला असं मानतात. सम्राज्ञी त्सी शीच्या पदरी अशा कुत्र्यांचा मोठा गोतावळा होता आणि त्यांची देखभाल राजवाड्यातले हिजडे सेवक करत. १९०८ मध्ये ती गेली आणि हा सगळा कारखाना विस्कटला. १९३० मध्ये ब्राउनरिग दांपत्याने काही कुत्री इंग्लंडला नेली नसती तर आज शित्झू फक्त चित्रांत दिसला असता, कारण पुढे चीनमध्ये ही जात जवळपास संपली. आजचे सगळे शित्झू जेमतेम १४ कुत्र्यांचे वंशज मानले जातात.

म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं. एक चौकीवर राहिलं, दुसरं राणीच्या मांडीवर वाढलं. हा फरक चेहऱ्यावर उतरलाय, म्हणून म्हणते, रंग बघू नका, केसांची लांबी बघू नका, नाक बघा. शित्झूचं नाक डोळ्यांपासून इंचभराच्या आत संपतं, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढं. ल्हासाचं दीड पेर भरतं. शित्झूचे डोळे मोठे, गोल, बाहेर आल्यासारखे. ल्हासाचे बदामी, बाहेर न आलेले. शित्झूच्या नाकाच्या दांडीवरचे केस वरच्या दिशेने फुटतात, त्यामुळे तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं. ल्हासाचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्हीकडे पडतात. हात फिरवलात तर ल्हासाचे केस जाड, जरा खरखरीत लागतील, शित्झूचे मऊ. वजनावर जाऊ नका, दोघांचं थोडंफार सारखंच, पाच ते सात-आठ किलो. आणि पिल्लू फार लहान असेल तर तोंडावरून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. विकणाऱ्यांचं फावतं ते इथेच. आई-बाप दाखवायला सांगा. मुळात ४५ दिवसांचं पिल्लू विकणंच बेकायदा आहे. कुत्र्यांच्या विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

सांभाळताना हेच नाक पुन्हा आडवं येतं. कुत्रं घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतं. नाकाची नळी आखूड असली की धाप कमी पडते. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात शित्झूला सकाळी सातनंतर बाहेर काढूच नये. जीभ जांभळट, लाळ घट्ट आणि पाय लटपटत असतील तर अंगावर साधं पाणी ओतून पंख्याखाली धरा आणि लगेच दवाखाना गाठा. गळ्यात पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा घाला. ल्हासालाही ऊन सोसत नाही, पण त्याला श्वासाची थोडी सवलत आहे. उन्हाळ्यात दोघांचंही चकोट टक्कल करू नका. केस आखूड करा, कातडी उघडी पाडू नका, भाजते.

डोळ्यांची चिंता शित्झूच्या बाबतीत जास्त. बाहेर आलेल्या डोळ्यावर केस घासतात, ओरखडा पडतो, जखम होते. शित्झूच्या डोक्यावर बांधतात ती शेंडी फोटोसाठी नसते, डोळा मोकळा राहावा म्हणून बांधतात. बांधायला वेळ नसेल तर केस सरळ कापून टाका. एक डोळा मिचकावत असेल तर उद्यावर टाकू नका. ल्हासाचा डोळा कोरडा पडतो आणि त्यात चिकट घाण साचते, तेही दाखवायला हवं. दोन्ही जातींत मूत्रपिंडाचा जन्मजात दोष आढळतो. पिल्लू सारखं पाणी पीत असेल आणि अंग धरत नसेल तर रक्त-लघवी तपासा.

फणीचं सांगते, कारण तिथेच सगळे हरतात. वरवर ब्रश फिरवला की कुत्रं सिनेमातल्यासारखं दिसतं आणि आत कातडीला चिकटून जटा तयार होत असतात. कानामागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली बोटं घालून पाहा, नमद्यासारखं लागतं. पाण्याचा हलका फवारा मारायचा, केसांचा एकेक थर उचलायचा, टोकाकडून सोडवत मुळापर्यंत यायचं. दहा-बारा महिन्यांचं असताना पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात. ते दोन महिने रोज. अंघोळ घालायची ती गुंता काढल्यावरच, ओल्या जटा आवळून बसतात. पावसाळ्यात बोटांमधले केस कापून पाय कोरडे करा.

उरला स्वभाव. शित्झू येईल त्याच्या मांडीवर चढतो, चोरालाही पाणी विचारेल. ल्हासा आधी माणूस पारखतो. त्याला लहानपणी चार-पाच महिन्यांत भरपूर माणसं, लिफ्ट, बेल, छत्र्या दाखवल्या नाहीत तर पुढे अवघड जातं. लाडूला दाखवल्या नव्हत्या, कारण मावशी शित्झू आहे म्हणून निश्चिंत होती. आता सिलिंडरवाला खालूनच फोन करतो, मग काका लाडूला बेडरूममध्ये कोंडतात. आतून तो भुंकत असतो तो सिलिंडर जोडून माणूस गेटबाहेर पडेपर्यंत.