सर्व्हर सिडकोत असला तर

नाशिकला गंगापूर रोडवर राहणारा माझा भाचा काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ ऑनलाइन खेळतो. त्याने 300 एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी तक्रार तीच: "मामा, मी भिंतीमागे पोचलो होतो, तरी मेलो! नेट स्लो आहे." नेट स्लो नव्हतं. एमबीपीएस म्हणजे रस्त्याची रुंदी आणि पिंग म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ. रस्ता आठपदरी केला म्हणून मुंबई नाशिकच्या जवळ सरकत नाही.

त्याचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडून खेळ चालवणारा कॉम्प्युटर, होता सिंगापूरला. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. सिंगापूर इथून सरळ रेषेत सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन जवळजवळ 40 मिलिसेकंद. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. 'पिंग अर्ध्यावर आणतो' म्हणणारी ॲप फार तर जवळची वाट शोधतील. प्रकाशाला पळवणं त्यांच्या हातात नाही. असल्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

आता भिंतीमागच्या मरणाकडे येऊ. मला यातली ही युक्ती फार आवडते. काउंटर-स्ट्राइकमध्ये खरं काय घडलं हे सर्व्हर ठरवतो. तुमच्या पडद्यावर दिसणारा शत्रू मात्र शिळा असतो, काही क्षणांपूर्वीचा. म्हणून कोण कोणत्या क्षणी कुठे होता, याची नोंद सर्व्हर जपून ठेवतो. तुमची गोळी पोचली की तुमचा उशीर मोजतो, हालचाल सलग दिसावी म्हणून तुमचा कॉम्प्युटर मुद्दाम जे थोडं जुनं चित्र दाखवतो तो वेळही त्यात मिळवतो, बाकीच्यांना तितकं मागे नेतो, नेम तपासतो आणि सगळ्यांना पुन्हा वर्तमानात आणतो. नेमबाजाला न्याय मिळतो. मरणारा मात्र तोवर भिंतीआड पोचलेला असतो. मारणाऱ्याचं पिंग जितकं मोठं, तितकं हे मागे जाणं लांब. तेव्हा एकट्या भाच्याचं पिंग सुधारून भागत नाही, सगळेच सर्व्हरच्या जवळ हवेत.

खेळाडूंनी स्वतः चालवलेला सर्व्हर इथे कामाला येतो. तो नाशिकमधल्याच सिडकोतल्या मित्राच्या घरी ठेवा. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या आणि माहिती मुंबईमार्गे फिरली, तरी काचेतला प्रवास तीन-चार मिलिसेकंदांचाच.

शिवाय सर्व्हर आपला, तर नियम आपले, आणि मॉडही, म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनी केलेले बदल. मॉड म्हणजे चीटिंग, हा समज चुकीचा आहे. काउंटर-स्ट्राइक स्वतःच 1999 मध्ये हाफ-लाइफ या खेळाचा मॉड म्हणून जन्माला आला. खेळाच्या आयुष्याचा प्रश्न वेगळाच. 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. उलट 2012 मध्ये बंद पडलेला 'सिटी ऑफ हीरोज' खेळाडूंनी स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला, आणि 2024 मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवानगीही दिली.

भाच्याने सर्व्हरचा प्रोग्राम फुकट उतरवला. अडलं एका गोष्टीवर: घरच्या जोडणीला बाहेरून पोचता येईल असा पब्लिक आयपी पत्ता नव्हता. तो इंटरनेट कंपनीकडून मागून घेतला, आणि त्या रात्री भाचा नि त्याचे मित्र असे सातही जण नाशिकमध्येच खेळले.