आरमार अवकाशातलं, हुकूम बाईचा

एप्रिल १९९३ मध्ये बेन बुक्सने डेव्हिड वेबर यांची ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’ ही विज्ञान कादंबरी काढली आणि ऑनर हॅरिंग्टन नावाची आरमारी अधिकारी वाचकांच्या मानगुटीवर बसली ती कायमची. मुख्य मालिकाच चौदा खंडांची आहे, शेवटचा खंड २०१८ चा. अमेरिकी नौदलात लढाऊ जहाजांवर स्त्रियांना असलेली कायदेशीर बंदीदेखील १९९३ च्याच नोव्हेंबरात उठली. कादंबरी मात्र तोवर दुकानात आली होती.

तिथवरचा रस्ता लांबचा. १९२८ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात ई. ई. स्मिथ यांची ‘स्कायलार्क ऑफ स्पेस’ क्रमशः आली. तिच्यात नायिकेचं मुख्य काम म्हणजे पळवून नेलं जाणं आणि मग नायकाने आकाशगंगा पालथी घालणं. पुढे याच स्मिथनी क्लॅरिसा मॅकडूगल या नर्सला ‘लेन्समन’च्या, म्हणजे आपल्या दुसऱ्या मालिकेतल्या निवडक अवकाश-रक्षकांच्या, पंगतीत बसवलं, पण अपवाद म्हणून. खरा बदल झाला १९८१ मध्ये. सी. जे. चेरी यांच्या ‘डाउनबिलो स्टेशन’मधली सिग्नी मॅलरी ही युद्धनौकेची कॅप्टन आहे, क्रूर, हिशेबी आणि कुणाचीही पत्नी किंवा मुलगी म्हणून न आलेली. १९८६ मध्ये लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची कॉर्डेलिया नेस्मिथ आली. तिचं बळ बंदुकीपेक्षा डोक्यात जास्त.

वेबरनी नवं काय केलं? खरं तर जुनंच केलं. सी. एस. फॉरेस्टर यांच्या होरॅशियो हॉर्नब्लोअर या नेपोलियनकालीन आरमारी नायकाचा साचा उचलला आणि त्यात बाई बसवली. आद्याक्षरंही तीच ठेवली. शत्रूराष्ट्रातल्या क्रांतीच्या पुढाऱ्याचं नाव रॉब एस. पिएर आहे, म्हणजे फ्रेंच क्रांतीतला रोबेस्पिएरच; यावरून लेखकाला हा उसना माल लपवायचा नव्हता हे कळतं.

साचा चालावा म्हणून भौतिकशास्त्रही बेतून घेतलं आहे, आणि चटक लागण्याचं निम्मं कारण इथे आहे. जहाजाच्या वर आणि खाली गुरुत्वाचे दोन तिरपे पट्टे असतात, त्यांतून काहीही आरपार जात नाही. दोन्ही बाजूंना त्याहून कमकुवत भिंती. नाळ आणि वरवंडी, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक, मात्र उघडी. म्हणजे मारा आडव्या बाजूने करायचा आणि शत्रूच्या नाकासमोरून आडवं जायला मिळालं तर बाजी मारली. शिडांच्या जहाजांचं युद्ध जसंच्या तसं. सुरुवातीच्या खंडांत प्रकाशापेक्षा वेगाने फक्त जहाज जातं, निरोप जात नाही. वरिष्ठांना विचारायला गेलं तर उत्तर यायला दिवसच्या दिवस जाणार, म्हणून निर्णय कॅप्टननेच घ्यायचा आणि चुकला तर चौकशीला तिनेच उभं राहायचं.

पहिल्या खंडात तिच्या ‘फिअरलेस’वरची नेहमीची शस्त्रं बरीचशी काढून शत्रूच्या बाजूच्या भिंती पाडणारा एक प्रायोगिक ‘ग्रॅव्ह लान्स’ बसवलेला असतो. त्याचा पल्ला जेमतेम एक लाख किलोमीटर, तर क्षेपणास्त्रं त्याच्या कितीतरी पट लांबून येतात. सरावात ही युक्ती एकदा साधते, नंतर जवळपास प्रत्येक वेळी मार. पुढच्या प्रसंगात वाचक तो आकडा मनात धरूनच बसलेला असतो.

दुसरं कारण हुद्द्याचं. तिच्या मँटिकोर राज्यात राणीचं राज्य आहे, बाई कॅप्टन असण्याचं कुणालाच अप्रूप नाही. तो प्रश्न दुसऱ्या खंडात, ग्रेसन या कर्मठ ग्रहावर निघतो आणि तिथे तिचा डावा डोळा जातो. ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचा उजवा निकामी झाला होता! त्या जगात इतरांचे तुटलेले अवयव पुन्हा उगवता येतात, तिच्या शरीरात मात्र उगवत नाहीत, हा नियम सांगून ठेवलेला आहे. त्यामुळे प्रत्येक बढतीची किंमत अंगावर दिसते.

मालिका बिघडते तीही याच कारणांनी. कॅप्टनची अॅडमिरल झाली की सुकाणू हातातून जातं आणि बैठका येतात. एका वेळी मोजकी सुटणारी क्षेपणास्त्रं पुढे हजारोंनी सुटतात, मग एकेकाचा धाक राहत नाही. पाठलाग ऐन रंगात असताना वेबर अतिवेगी प्रवासाचा इतिहास पानंच्या पानं सांगत बसतात, हे तर पहिल्याच खंडात. चाहत्यांनी सुमारे ऐंशी लाख टनांच्या जहाजांची लांबी-रुंदी गुणून घनता काढली, ती हास्यास्पद विरळ निघाली. नंतर मापं कमी करावी लागली. नेल्सनसारखाच तिचाही युद्धात मृत्यू योजलेला होता. पण सहलेखक एरिक फ्लिंट यांच्यामुळे कथेचा कालक्रम अलीकडे आला आणि बाई वाचल्या. शेवटच्या खंडांचा पसारा पाहता, मूळ बेतच बरा होता.

नव्याने वाचायला घेणाऱ्याने पहिले चार खंड क्रमाने वाचावेत. चौथ्यात युद्ध मागे पडून द्वंद्व येतं. युद्धापेक्षा जहाज चालवण्यातच गोडी वाटत असेल, तर एलिझाबेथ मून यांची २००३ पासूनची ‘वाटाज वॉर’ मालिका घ्यावी. लेखिका स्वतः अमेरिकी मरीन कोअरमध्ये होत्या. तिथली कायलारा वाटा लष्करी अकादमीतून हाकलली जाते, घरचे तिच्या हाती भंगारात काढायचं जहाज देतात, आणि ते थेट भंगारात न नेता ती वाटेतच माल पोचवण्याचं कंत्राट घेते.